देवाशी घरच्या मराठीत बोलताना: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, नवीन येणाऱ्या बहिणींबरोबर बसून प्रार्थना करायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. बहुतेकींचा पहिला प्रश्न एकच असतो: "ताई, प्रार्थना करायची म्हणजे नेमकं काय बोलायचं?" पाळकसाहेब उभे राहतात, "हे सर्वसमर्थ, दयाघन, सार्वकालिक पित्या" अशी सुरुवात करतात आणि पुढची वाक्यं न अडखळता येत राहतात. ते ऐकून नवीन माणसाला वाटतं, हे काही आपल्याला जमायचं नाही. मग तो रविवारी येतो, गीतं म्हणतो, सगळ्यांबरोबर आमेन म्हणतो, आणि सोमवार ते शनिवार देवाशी एक शब्दही बोलत नाही.

हा लेख त्या सोमवार ते शनिवारसाठी आहे. मी शिकलेली पंडित नाही. स्टाफ नर्स म्हणून 26 वर्षं नोकरी केली, त्यातली निम्मी रात्रपाळीत. देवाशी नातं जुळलं ते वॉर्डात आणि स्वयंपाकघरातच, त्यामुळे दाखले तिथलेच येतील.

आधी ‘तू’ म्हणा

नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आमच्या गावी वडिलांना "अहो बाबा" म्हणायची रीत होती. बाबा दारात दिसले की आम्ही पोरं ओट्यावरून उठून उभी राहायचो. आईला मात्र "ए आई". आता मराठी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून पाहा. देवाला सगळीकडे ‘तू’ म्हटलेलं आहे. "तुझे नाव पवित्र मानले जावो, तुझे राज्य येवो." ज्या भाषेत सख्ख्या बापाला अहो-जाहो करतात, त्याच भाषेत आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्याला सरळ एकेरी हाक. आपल्याला ते खटकत नाही, कारण विठोबाला माउली म्हणणारी ही भाषा आहे. देवाशी जवळिकीने बोलायची सवय तिला शतकानुशतकांची आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्या मराठी माणसाला ही ठेव आयती मिळते. ती वापरा.

येशूने स्वतः हेच केलं. गेथशेमाने बागेत, अटक होण्याच्या थोडा वेळ आधी, तो देवाला "अब्बा" म्हणतो. हा शब्द अरामी, म्हणजे येशूच्या घरीदारी बोलल्या जाणाऱ्या भाषेतला. मार्कने आपलं शुभवर्तमान, म्हणजे येशूचं चरित्र, ग्रीक भाषेत लिहिलं, पण हा शब्द त्याने भाषांतर न करता तसाच ठेवला आणि त्याच्याशेजारी अर्थ दिला, बापा (मार्क 14:36, म्हणजे 14 वा अध्याय, 36 वं वचन). लोकांच्या कानात ती हाक अजून घुमत असावी, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं. आणि अब्बा म्हटल्यावर येशू पहिलं काय मागतो? "हा प्याला माझ्यापासून दूर कर." म्हणजे साध्या मराठीत, मला हे नकोय. "तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे" हे त्यानंतर येतं. आपण बहुतेक वेळा पहिलं वाक्य गिळतो आणि दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण ते धार्मिक वाटतं. मग प्रार्थना गुळगुळीत होते आणि आत जे खदखदतंय ते तसंच राहतं.

तर पहिली कृती ही. आज कुणी नसताना दोन मिनिटं, मोठ्याने, तुम्ही घरात जसं बोलता तसं बोला. अहिराणी बोलत असाल तर अहिराणीत, मालवणी बोलत असाल तर मालवणीत, वसईची सामवेदी असेल तर सामवेदीत. "देवा, मला तुझ्याशी बोलायचंय, पण काय बोलू ते सुचत नाहीये" एवढं म्हटलं तरी प्रार्थना झाली. मोठ्याने बोला असं मुद्दाम सांगते. मनातल्या मनात केलेली प्रार्थना नवख्या माणसाच्या बाबतीत तिसऱ्या वाक्याला भाजीच्या यादीवर जाते.

घरच्या भाषेला कमी लेखू नका. पंडिता रमाबाईंना संस्कृत मुखोद्गत होतं, इंग्रजी उत्तम येत होतं. तरी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणत बसल्या, साध्या, कमी शिकलेल्या बायकांना ते कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या, त्याआधी त्यांनी ते काम पुरं केलं. एवढ्या विदुषीला देवाचं वचन चुलीपाशी बसलेल्या बाईपर्यंत पोचवावंसं वाटलं. मग त्या बाईचं बोलणं देवापर्यंत तिच्याच शब्दांत का पोचणार नाही?

दहा मिनिटं आणि एक जागा

येशू म्हणतो, प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे (मत्तय 6:6). हे वाचून एकदा एक बहीण म्हणाली, "ताई, दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सहा माणसं, कुठलं दार लावू?" तिचा प्रश्न रास्त होता. आम्ही दोघींनी मिळून तिच्या दिवसात दार शोधलं. सकाळी साडेपाचला नळाला पाणी येतं, ती भांडी भरते, सहाला पाणी जातं आणि घर अजून झोपलेलं असतं. भरलेल्या पिंपाशेजारी पालथ्या बादलीवर बसून ती दहा मिनिटं काढते. तेच तिचं दार.

येशूलाही सहजासहजी एकांत मिळत नव्हता. मार्कच्या पहिल्याच अध्यायात तो पहाटे अंधार असतानाच उठून एकांत जागी जाऊन प्रार्थना करतो, आणि शिष्य त्याला शोधत तिथे पोचतात: सगळे तुम्हाला शोधताहेत! घरातल्या बायकांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

दहा मिनिटांपेक्षा जास्त ठरवू नका. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी एक तास बसणारी माणसं मी दुसऱ्या आठवड्यात थांबलेली पाहिली आहेत. जागा मात्र रोज तीच ठेवा. तुमच्या शरीराला त्या जागेची सवय होते. पाट घेऊन खाली बसलं की मन थोडं लवकर शांत होतं. सकाळच जमली पाहिजे असंही नाही. गच्ची, बस डेपोचा बाक, जेवणाच्या सुट्टीतला जिना, काहीही चालेल. मोबाइल दुसरीकडे ठेवा. बायबल मोबाइलवर वाचत असाल तर इंटरनेट बंद करा.

आणि झोप लागली तर? रात्रपाळी करून आल्यावर मला हमखास लागायची, आणि त्याचं फार अपराधी वाटायचं. मग पहिल्या राजे पुस्तकातला 19 वा अध्याय वाचनात आला. एलीया संदेष्टा जीव मुठीत घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसून "आता पुरे, माझा प्राण घे" म्हणतो आणि झोपी जातो. देव त्याला एका शब्दाने रागवत नाही. देवदूत येऊन त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं होतं ते त्यानंतर, डोंगरावर. तेव्हा थकला असाल तर आधी जेवा आणि झोपा.

वाचायचं कुठून

पहिल्या पानापासून नको. उत्पत्ती आणि अर्धं निर्गम ही पहिली पुस्तकं भराभर वाचून होतात, पुढे निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं आणि यज्ञांचे नियम लागतात आणि नवखा माणूस तिथे अडतो. मार्कचं शुभवर्तमान घ्या. चारही शुभवर्तमानांत ते सगळ्यात लहान आहे, 16 अध्यायांचं. रोज एकच प्रसंग, दहा-पंधरा ओव्यांएवढा (ओवी म्हणजे वचन), असं वाचलंत तर साधारण दोन महिन्यांत होतं. बायबल सोसायटीच्या जुन्या पवित्र शास्त्राची भाषा जड वाटत असेल तर सोप्या मराठीतली आवृत्ती मागून घ्या. कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आणि प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 66 असतात, त्यावरून गोंधळू नका. मार्क दोन्हींत तोच आहे.

वाचायचं कसं, ते एका प्रसंगावरून दाखवते. मार्क 10:46 ते 52. यरीहो गावाच्या वेशीवर बार्तीमय नावाचा आंधळा भिकारी बसलाय. येशू चाललाय हे कळल्यावर तो ओरडतो, "दावीदपुत्रा येशू, माझ्यावर दया कर." लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात. तो आणखी मोठ्याने ओरडतो.

आधी हे सावकाश, ओठांनी उच्चारत दोनदा वाचा. मग त्या गर्दीत जाऊन उभे राहा. धूळ, उन्हं, पायांचे आवाज. तुम्ही कुठे आहात? दटावणाऱ्यांत आहात का? मी एकदा होते. वॉर्डात सतत हाका मारणाऱ्या पेशंटला "जरा गप्प बसा हो" म्हणून मी नुकतीच घरी आले होते आणि त्या दिवशी हाच भाग समोर आला.

येशू थांबतो. त्याला बोलवा म्हणतो. बार्तीमय अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्याचं वस्त्र म्हणजे त्याचं अंथरूण, त्याचं पांघरूण, पैसे गोळा करायचा पदर. आणि आंधळ्याने टाकलेली वस्तू त्याला पुन्हा सापडेलच असं नाही. एवढ्या तपशिलापाशी पाच मिनिटं बसता येतं.

मग येशू विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्या माणसाला हा काय प्रश्न झाला! त्याला काय हवं ते गर्दीतल्या प्रत्येकाला दिसत होतं. तरी येशू विचारतो, आणि तो उत्तर देईपर्यंत थांबतो. आपल्याला काय हवं आहे ते देवाला आधीच माहीत आहे, मग सांगायचं कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवीन माणूस विचारतो. माझ्यापाशी त्याला या प्रसंगापेक्षा चांगलं उत्तर नाही.

पुस्तक मिटण्याआधी तोच प्रश्न येशूने तुम्हाला विचारला आहे असं समजा आणि एका वाक्यात उत्तर द्या. खरं उत्तर. "माझ्या कुटुंबाला आशीर्वाद दे" हे खरं असेल तर ठीक, पण पुष्कळदा खरं उत्तर "सासूबाईंशी बोलताना माझा आवाज चढतो, तो चढू नये" असं असतं. एका वहीत तारीख घालून ते वाक्य लिहून ठेवा. तीनएक महिन्यांनी ही पानं उलटताना, कधी मागितलं होतं तेही विसरलेल्या गोष्टी मिळालेल्या दिसतात. काही दिसत नाहीत, त्याही तशाच राहू द्या.

शब्द सुचत नाहीत तेव्हा

बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडा. 150 स्तोत्रं आहेत, त्यांत राग, भीती, कृतज्ञता, सूडाची इच्छासुद्धा आहे. एकदम घाबरला असाल तर 23 वं, मन खात असेल तर 51 वं, आनंद झाला असेल तर 103 वं, देव ऐकत नाही असं वाटत असेल तर 13 वं. वेळ नसेल तर 117 वं. ते दोनच ओव्यांचं आहे.

दुसरी आधाराची गोष्ट म्हणजे प्रभूची प्रार्थना. "प्रभू, आम्हाला प्रार्थना करायला शिकव" असं एका शिष्याने म्हटल्यावर येशूने ती दिली, म्हणजे ती मुळातच शिकणाऱ्यांसाठी आहे. ती एका दमात म्हणायची सवय लागली असेल तर आठवडाभर एकेका ओळीवर थांबून पाहा. "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." मराठीत इथे भाकर आली हे मला फार मोलाचं वाटतं. भाकरी थापताना हे म्हणून बघा. पीठ मळलं, थापली, तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि पलटण्याआधी त्या ओळीतला ‘आम्हाला’ हा शब्द लक्षात आला. ‘मला’ नाही म्हटलेलं. शेजारच्या घरात आज भाकर आहे का, हा प्रश्न त्या शब्दाबरोबर आपोआप येतो, आणि कधी कधी ताट घेऊन उठावं लागतं.

दिवसभराच्या धांदलीत

17 व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात काम करायचे. भांड्यांच्या खडखडाटातही वेदीपुढे गुडघे टेकल्यासारखाच मी देवाजवळ असतो, असा त्यांचा अनुभव होता. मला हे मोठेपणी वाचायला मिळालं, पण त्याआधीच वॉर्डाने त्याची एक रीत शिकवली होती.

दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायचे असतात. साबणाने नीट धुवायचे तर चाळीसेक सेकंद लागतात: तळवे, मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगटं. मी त्या चाळीस सेकंदांत पुढच्या पेशंटसाठी प्रार्थना करू लागले. "प्रभू, सात नंबरच्या आजींना आज कुणी भेटायला येऊ दे." "बारा नंबरच्या मुलाची शीर लवकर सापडू दे, त्याला फार टोचायला लावू नकोस." एवढंच. नळ बंद केला की आमेन. एका पाळीत अशा तीस-चाळीस प्रार्थना व्हायच्या आणि एकीसाठीही वेगळा वेळ काढावा लागला नाही.

तुमच्या कामात असं एखादं काम शोधा, जे दिवसात अनेकदा करावं लागतं आणि ज्यात डोकं मोकळं असतं. रिक्षाचा सिग्नल, लिफ्टची वाट पाहणं, मुलीची वेणी घालणं. त्या एका कामाला एक छोटी प्रार्थना बांधून टाका.

रात्री, दिवा मालवण्याआधी

16 व्या शतकातले संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सोबत्यांना रोजचा दिवस देवाबरोबर तपासून पाहायची शिस्त लावली. येशूसंघाचे (जेझुइट) फादर आजही ती पाळतात. त्याचं साधं रूप पाच मिनिटांचं आहे. आधी आभार माना, आणि मोघम नको: "चहा वेळेवर मिळाला" इतके नेमके. मग पवित्र आत्म्याला म्हणा, मला माझा दिवस दाखव. सकाळपासून एकेक तास डोळ्यांसमोरून जाऊ द्या. जिथे मन टोचेल तिथे थांबा, क्षमा मागा, आणि उद्याचं एक काम देवाच्या हाती देऊन झोपा.

टोचलेल्या जागेचं मात्र पुढे काही करावं लागतं. एकदा ड्रेसिंगचा किडनी ट्रे सापडेना म्हणून मी आमच्या वॉर्डातल्या मावशींना नातेवाइकांसमोर वाट्टेल ते बोलले. तासाभराने तो ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात मिळाला, मीच ठेवलेला. मी तो गुपचूप जागेवर ठेवला आणि कामाला लागले. रात्री दिवस उलगडताना ट्रे समोर आला. मी देवाची क्षमा मागितली, पण मन हलकं होईना. मत्तय 5:23 आणि 24 मध्ये येशू म्हणतो, वेदीशी दान अर्पायला आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. दुसऱ्या दिवशी त्याच बेडपाशी, तेच नातेवाईक असताना, मी म्हटलं, "मावशी, काल चूक माझी होती. ट्रे मीच ठेवला होता." मावशींनी काही क्षण पाहिलं, म्हणाल्या, "जाऊ द्या हो सिस्टर," आणि बादली उचलून निघून गेल्या. दुपारी त्यांनी थर्मासच्या झाकणात मला अर्धा कप चहा आणून दिला.

जिथे बोललात तिथेच, ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोरच माफी मागा. कॅथलिक असाल तर पापनिवेदनाचा, म्हणजे फादरांपुढे पाप कबूल करण्याचा, संस्कार तुमच्यासाठी आहे. पैशांचा व्यवहार चुकला असेल तर पैसे परत करा. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूसमोर चौपट परत करायचं कबूल केलं होतं (लूक 19). देवाशी संबंध आणि माणसांशी संबंध अशी दोन खाती शुभवर्तमानात कुठेही वेगळी ठेवलेली नाहीत.

काहीच जाणवत नाही असे दिवस

हे येतील. सुरुवातीचे काही महिने गोड जातात, गीत म्हणताना डोळे भरून येतात, आणि मग एक दिवस शब्द छताला लागून खाली पडल्यासारखे वाटतात. नवीन माणूस इथे घाबरतो आणि समजतो, देव रागावला.

माझे बाबा गेले त्यानंतर आठ महिने मी त्याच जागी, त्याच पाटावर बसत होते आणि काहीही होत नव्हतं. रोज रात्री एक स्तोत्र वाचायचं एवढंच केलं. 88 वं स्तोत्र त्या काळात माझ्या सगळ्यात जवळचं झालं. ते अंधारातच संपतं. बाकीची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात, हे वळत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळलं की कित्येक वर्षं त्यांनाही देव जाणवत नव्हता, आणि त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या, मग कामाला जात होत्या.

योहान 15 मध्ये येशू म्हणतो, मी वेल आहे, तुम्ही फाटे आहात, आणि माझा पिता माळी. ज्या फाट्याला फळ येतं त्याला अधिक फळ यावं म्हणून माळी तो छाटतो. माझी बहीण नाशिककडे दिली आहे, त्यांची द्राक्षबाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी. पहिल्यांदा एप्रिलात गेले तेव्हा ती बाग पाहून माझ्या पोटात कालवलं. मांडवावर नुसते उघडे ओलांडे, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्या, पान नाही. मेहुणे म्हणाले, "ताई, यानंतर जी काडी फुटते, तिच्यावर पुढच्या वर्षाचा माल ठरतो." प्रत्येक दुःख म्हणजे देवाची छाटणीच, असं मी कुणाच्या तोंडावर म्हणणार नाही, मृत्यूच्या घरी असलं बोलू नये. पण छाटलेला फाटाही वेलाला धरूनच असतो, एवढं त्या बागेत मी डोळ्यांनी पाहिलं.

माझं ते कोरडेपण कधी सरलं ते नेमकं सांगता येत नाही. एका सकाळी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी उभी होते आणि "देवा, बाबांना साय किती आवडायची" असं सहज तोंडून गेलं. मग लक्षात आलं, आपण बोलतोय.

एक सावधगिरी: झोप उडाली, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर तो आजार असू शकतो. डॉक्टरकडे जा. प्रार्थना सोबत चालू राहू शकते.

मंडळीत

एकट्याने हे सारं फार दिवस टिकत नाही. जवळच्या चर्चला जा. पहिल्या रविवारी मागच्या बाकावर बसलात तरी चालेल. सगळे उभे राहिले की उभे राहा, गीताचं पुस्तक शेजारच्याकडून मागून घ्या. बऱ्याच ठिकाणी बायका डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं) बहुतेक मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्यांसाठीच असतं. ते चालू असताना बसून राहण्यात काही कमीपणा नाही. दानाची पिशवी फिरेल, टाकलंच पाहिजे असं नाही. रविवारच्या मोठ्या भक्तिसभेपेक्षा आठवड्यातली घरगुती प्रार्थनासभा नवख्याला जास्त उपयोगी पडते, कारण तिथे प्रश्न विचारता येतात. आणि एखादी वयस्क, कमी बोलणारी, जिचं घर आणि शेजार तिच्याबद्दल चांगलं बोलतो अशी विश्वासी बाई शोधा, पुरुषांनी पुरुष शोधावा. तिच्याबरोबर महिन्यातून एकदा बसा.

काही माणसांपासून लांब राहा, हे मी कळकळीने सांगते. "देवाने मला तुझ्याबद्दल सांगितलंय" म्हणत तुमच्या लग्नाचे, नोकरीचे निर्णय घेणारा. आशीर्वादासाठी रक्कम ठरवून मागणारा. आणि इन्शुलिन बंद कर, गोळ्या बंद कर, विश्वास ठेव म्हणणारा. असं ऐकून औषध थांबवलेले पेशंट मी शेवटच्या अवस्थेत वॉर्डात आलेले पाहिले आहेत. लूकला पवित्र शास्त्रात "प्रिय वैद्य" म्हटलं आहे (कलस्सै 4:14). तो वैद्य प्रेषित पौलाच्या सोबत होता आणि कुणी त्याला औषधं टाकून दे म्हटलं नाही.

घरचे या वाटेवर नसतील तर

वाद घालू नका. देव्हाऱ्याबद्दल वाकडा शब्द नको, सणाच्या दिवशी तोंड फिरवून बसणं नको. ज्यात तुमचं मन साक्ष देत नाही ते नम्रपणे सांगा, बाकी कामाला पदर खोचून उभे राहा. कुणावर घाई लादू नका. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःचा विचार करून, स्वतःच्या वेळी. तुमच्या घरच्यांनाही तेवढा मान द्या. तुमची प्रार्थना त्यांना ऐकू आलीच पाहिजे असं नाही, पण आवाज चढणं कमी झालेलं त्यांना कळतं.

पहिला आठवडा

सोमवारी जागा आणि वेळ ठरवा आणि दोन मिनिटं मोठ्याने बोला, बस्स. मंगळवारी मार्क 1:1 ते 13, सावकाश दोनदा. बुधवारी पुढचा प्रसंग, आणि रात्रीची पाच मिनिटं सुरू करा. गुरुवारी दिवसातलं एक काम निवडून त्याला छोटी प्रार्थना बांधा. शुक्रवारी 23 वं स्तोत्र पाठ करायला घ्या, सहाच ओव्या आहेत. शनिवारी ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय त्याला फोन. रविवारी चर्च, मागचा बाक.

मध्येच एखादा दिवस सुटेल. मुलगा आजारी पडेल, पाळी बदलेल, नुसता कंटाळा येईल. दुसऱ्या दिवशी दोन दिवसांचं वाचन भरून काढायला जाऊ नका. पुस्तकात जिथे खूण आहे तिथून पुढे वाचा, आणि आधी म्हणा, "देवा, काल आले नाही."